पानगळीला फाटकाबाहेर काढू नका : आमच्या गृहनिर्माण संस्थेस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार,
व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि सर्व सभासद,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे.

विषय : आवारात पडणाऱ्या पानांचे खत आवारातच करण्यासाठी जागा व मंजुरी मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

येत्या सप्टेंबरात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. तिच्या विषयपत्रिकेवर वरील विषय घ्यावा, असे लेखी निवेदन मी सचिवांकडे दिलेले आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण गेल्या जूनमध्ये या विषयाचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तीन ओळींत लागला, त्याला पंचवीस-तीस अंगठे मिळाले आणि बोलणे तिथेच खुंटले. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. पुण्यातल्या कितीतरी संस्थांत हेच घडत असणार, तेव्हा ज्यांना पत्र आपल्याच आवाराचे वाटेल त्यांनी ते आपले समजावे.

प्रथम, झाले काय ते सांगते. फेब्रुवारीत तोंडी संमती घेऊन मी मीटररूमच्या मागच्या भिंतीलगत वेल्डमेशच्या जाळीचे एक कडे उभे केले होते. १० फूट जाळी गोल वळवून तारेने बांधली की सुमारे ३ फूट व्यासाचे आणि ४ फूट उंचीचे कडे तयार होते, आणि पायांनी तुडवून चेपलेल्या वाळक्या पानांची दहा-बारा पोती त्यात सहज मावतात. ढीग खचत जातो तशी वरून आणखी पाने घालता येतात, त्यामुळे होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्या एका इमारतीपुढची जवळजवळ सगळी पाने त्या एका कड्यात गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी खाली उतरले, तर कडे जागेवर नव्हते. जाळी भंगारवाल्यासाठी भिंतीला टेकवलेली होती आणि अर्धवट कुजलेला काळा माल पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत पडला होता. त्यातली चार पोती मी वॉचमनच्या मदतीने दुसऱ्या मजल्यावर आणली. बाकीची गेली. उंदीर, डास, आग, वास आणि आवाराची शोभा अशी पाच कारणे त्या दुपारी गटावर वाचायला मिळाली. त्यांच्याकडे मी पुढे वळणार आहेच, पण त्याआधी आपल्याच हिशेबपत्रकातल्या दोन ओळींकडे लक्ष वेधते.

त्यातली एक ओळ बागेचा कचरा वाहून नेण्याच्या खर्चाची आहे आणि दुसरी शेणखत, गांडूळखत व कोकोपीट यांच्या खरेदीची. एकाच पानावर, चार-सहा ओळींच्या अंतराने, दोन्ही दरवर्षी छापल्या जातात आणि सभेत दोन्ही विनाचर्चा मंजूर होतात. झाडांनी जे खाली टाकले ते पैसे देऊन बाहेर घालवायचे आणि त्याच झाडांना तेच काम करणारी वस्तू पैसे देऊन बाहेरून आणायची, असा हा व्यवहार आहे. याहून नवलाची गोष्ट जिन्यामागच्या ओल्या कचऱ्याच्या खतपेट्यांची. त्या पेट्यांना वास येतो, पाणी सुटते, अळ्या होतात, अशी तक्रार प्रत्येक सभेत होते. त्याचे कारण एवढेच की भाज्यांची देठे, उरलेले अन्न आणि फळांच्या साली यांत पाणी व नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, पण त्यांना तोलून धरणारा कोरडा माल आपण पेटीत पुरेसा घालत नाही. तो कोरडा माल म्हणून कोकोपीटच्या विटा विकत आणल्या जातात, आणि वाळकी पाने मात्र त्याच पेट्यांवरून पोत्यांत भरून फाटकाबाहेर जातात.

याच्या मुळाशी थोडे शास्त्र आहे. खत होताना काम करणाऱ्या सूक्ष्म जीवांना कर्ब (कार्बन) आणि नत्र साधारण २५ ते ३० भागांस एक अशा प्रमाणात मिळाले, तर कुजण्याचा वेग चांगला राहतो. वाळक्या पानांत हे प्रमाण बहुधा ४० ते ८० भागांस एक असते, तर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात १५ ते २० च्या आसपास. पान एवढे रुक्ष का, याचे उत्तर झाडाच्या काटकसरीत आहे. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातले बरेचसे नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) फांदीत परत ओढून घेते, हिरवेपणा ओसरतो, पान पिवळे किंवा बदामाच्या पानासारखे लालभडक होते आणि मग गळते. हाती उरतो तो कर्ब, थोडा चुना आणि लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा, चिवट सांगाडा. म्हणूनच नुसती पाने एकट्याने लवकर कुजत नाहीत आणि नुसता ओला कचरा एकट्याने नीट कुजत नाही. दोन्ही एकत्र आणले, तर दोघांचाही दोष झाकला जातो.

हे मला पुस्तकातून समजण्याआधी फजितीतून समजले, हे कबूल केले पाहिजे. चार वर्षांपूर्वी गच्चीवर मी एका झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात पाने ठासून भरली आणि मोठ्या समाधानाने झाकण लावले. चार महिन्यांनी उघडले, तेव्हा वरची पाने पापडासारखी कुरकुरीत आणि तळाची काळी, बुळबुळीत व दुर्गंधी सुटलेली होती. वरच्यांना पाणी मिळाले नव्हते आणि खालच्यांना हवा. शेजारच्या काकूंनी तेव्हा तक्रार केली होती आणि ती रास्त होती.

त्यानंतर जे साधले ते असे. देशी बदाम, करंज आणि आंबा यांची पाने मेणचट असतात. त्यांच्यावर पाणी ओतले तर ते घरंगळून जाते, म्हणून ती रात्रभर टबात बुडवून, वर वीट ठेवून भिजवावी लागतात, किंवा पोत्यात भरून पायांनी आधी चुरडावी लागतात. वर्षावृक्षाची बारीक पर्णिका मात्र काहीच मागत नाही. आपल्याकडे त्याला सर्रास शिरीष म्हणतात. त्याच्या पानांचा थर महिन्या-दीड महिन्यातच चहाच्या चोथ्यासारखा दिसू लागतो, त्यामुळे जाड पानांच्या प्रत्येक थरामध्ये ती पेरली तर सगळा ढीग एकसारखा खाली बसतो. अर्धा फूट पानांवर शेणकाल्याचा एक तांब्या, नाहीतर आंबट ताकात कालवलेले मूठभर जुने खत, आणि कुंडीतल्या जुन्या मातीचा हलका शिडकावा पुरतो. ओलावा किती असावा हे यंत्राने मोजावे लागत नाही. ढिगाच्या आतला माल मुठीत घट्ट दाबावा. पाणी ठिबकले तर जास्त झाले, मूठ उघडताच माल भुरभुरला तर कमी, आणि गोळा राहून तळहात नुसता ओलसर झाला तर बेत जमला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढली, की ती चहाच्या पेल्यासारखी कोमट लागते. ती ऊब ओसरली की फावड्याने ढीग वरचा खाली करायचा. मग पांढरे, कापसासारखे बुरशीचे तंतू दिसू लागतात. त्यांना पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण पानातले लिग्निन मुख्यतः बुरशीच फोडते. सुबाभळीच्या शेंगा मात्र निवडून काढाव्यात, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात खतातून सुबाभळीचेच रान उगवते. हा धडाही मला दोन कुंड्या गमावून मिळाला.

यात नवे काही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी शेतकऱ्यांसाठी जो हौद बसवला तो १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतो, आणि त्याच्या विटांच्या भिंतींत मुद्दाम भोके ठेवलेली असतात. त्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा व पालापाचोळा, जोडीला गाळलेली माती आणि अवघे ९० ते १०० किलो शेण लागते. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. शेण थोडे आणि पाचोळा पुष्कळ, हे त्या पद्धतीचे मर्म आहे, आणि जाळीच्या कड्यात हवा चहूबाजूंनी शिरते ती त्याच तत्त्वावर. शेण आणायचे कुठून, असे आपल्यापैकी काहींनी विचारले होते. चार कड्यांना मिळून हंगामात पाच-सहा घमेली पुरतील, आणि तेवढे शेण पुण्यात अजून मिळते.

माझे बालपण राजापूर तालुक्यात गेले. तिकडे गळलेल्या पानांना पातेरा म्हणतात. फाल्गुन-चैत्रात बायका खराट्याने बागा झाडून पातेऱ्याचे भारे डोक्यावरून घरी आणत. तो आधी गोठ्यात गुरांच्या अंगाखाली जाई, शेणामुताने भिजे आणि मग गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, पडे. त्याला कचरा म्हटलेले मी लहानपणी ऐकलेले नाही. आपल्या संस्थेतले माझ्यासारखेच एक कोकणी सभासद यावर म्हणाले होते की, कोकणात पाने जाळतातही, भाजावळ, म्हणजे पेरणीपूर्वी शेतात पालापाचोळा जाळणे, असतेच की. असते, हे खरे. पण भातरोपांचा तरवा (रोपवाटिका) जिथे टाकायचा तेवढ्याच तुकड्यावर, तणांचे बी मरावे आणि वरची माती मोकळी व्हावी म्हणून ती केली जाते. तिथेही राखेत मुख्यतः चुना आणि पालाश (पोटॅशियम) उरतात. पानांतला कर्ब आणि नत्र धुराबरोबर जातात. पार्किंगच्या कोपऱ्यात पेटवलेल्या ढिगाला भाजावळीचे नाव देणे हा भाजावळीवर अन्याय आहे.

जाळण्याविषयी बोलणे टाळता येणार नाही, कारण गेल्या जानेवारीत आपल्या मागच्या फाटकाशी निदान चार वेळा पाने पेटलेली मी पाहिली आहेत, बहुतेक वेळा सकाळी साडेसहाच्या सुमारास. थंडीत त्या वेळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी रेंगाळत राहतो. ओलसर पानांची आग धुमसत राहते, तिच्या धुरात सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक असतात, आणि आपल्याकडे दम्याचे रुग्ण किती आहेत हे मी सांगण्याची गरज नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली, बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि रस्ते झाडणाऱ्यांना पाने न जाळण्याच्या सूचना देण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपवले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला.

तरीही काडी लावणाऱ्या मावशींना दोष देण्यास माझे मन धजत नाही. त्यांना आवार आठ वाजेपर्यंत स्वच्छ दिसायला हवे असे आपण सांगितलेले आहे, घंटागाडीवाले पानांची पोती घेत नाहीत, आणि ट्रॉली आठवड्यातून एकदाच येते. मग त्यांनी पाने ठेवायची कुठे? ही सोय लावून देणे आपले काम होते आणि ते आपण केले नाही.

आता त्या पाच आक्षेपांकडे वळते. आगीचा आक्षेप पूर्णपणे बरोबर होता. वाळक्या पानांचा ढीग मीटररूमला लागून ठेवणे ही माझी चूक होती आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे. ढीग आतून ओला असला, तरी वरचा थर उन्हाने वाळतो आणि एखादे विडीचे थोटुक पुरेसे असते. वासाबद्दल एवढेच म्हणेन की, त्या चार महिन्यांत कड्याजवळ वास आल्याची एकही तक्रार नोंदवहीत नाही. हवा खेळत असेल तर पानांच्या ढिगाला पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो. डास साचलेल्या पाण्यात होतात, ओल्या पानांत होत नाहीत. मात्र ढिगावर प्लास्टिक अंथरले तर त्याच्या खोलगट भागात पाणी साचून ते होऊ शकतात, म्हणून वर प्लास्टिकऐवजी गोणपाट घालावे.

उंदरांचा प्रश्न जरा थांबून विचारात घ्यावा असा आहे. उंदीर-घुशी पानांसाठी येत नाहीत, अन्नासाठी येतात. माझ्या कड्यात मे महिन्यात कोणीतरी पोळ्यांचे तुकडे आणि उरलेला भात टाकलेला मला दोनदा सापडला. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण उंदीर दिसले ते त्यानंतर. म्हणून उघड्या जाळीत फक्त पाने, गवत आणि निर्माल्यातली फुले घालावीत, शिजवलेले अन्न झाकणाच्या पेटीतच जावे आणि त्या पेटीसाठी लागणारा पाने-चुरा इथून न्यावा. ढीग हाताने उपसू नये, फावड्यानेच वरखाली करावा, कारण पाचोळ्याच्या ऊबेला विंचूकाटा येण्याची शक्यता आपल्या टेकडीजवळच्या आवारात नाकारता येत नाही. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासूनही तो दूर हवा. खतात कधीकधी इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, गलेलठ्ठ पांढऱ्या अळ्या सापडतात. त्या भुंग्यांच्या असतात, कुजका माल खातात आणि खत चाळताना वेगळ्या काढता येतात. त्या कुंडीत जाऊ देऊ नयेत, इतकेच.

शोभेच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. जाळीत पाने दिसतात. ती ज्यांना कुरूप वाटतात त्यांना ती तशी वाटण्याचा अधिकार आहे. पंपघराच्या मागे कुणाच्या खिडकीतून दिसणार नाहीत अशी १२ बाय १० फुटांची जागा मोकळी आहे, मीटररूमपासून ती दूर आहे आणि पाण्याचा नळ तिथेच आहे. एवढ्यावर तडजोड व्हावी.

माझे मागणे त्या जागेपुरतेच आहे. तिथे जाळीची चार कडी उभी करण्यास एका हंगामासाठी, म्हणजे येत्या जानेवारीपासून पुढच्या सप्टेंबरातल्या सभेपर्यंत, मंजुरी द्यावी. जाळीचा खर्च मी आणि बाग करणारे इतर सात सभासद वर्गणीने करू. मात्र माळीकाका आणि मावशी यांचे काम यामुळे वाढणार आहे, आणि ते काम फुकट होता कामा नये. पाने आणून टाकण्याचे व महिन्यातून दोनदा ढीग परतण्याचे वेगळे पैसे त्यांना मिळावेत. ट्रॉलीच्या खेपा कमी झाल्यावर जी बचत होईल तीतून ते देता येतील, असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकला तर पुढच्या सभेत मी तसे सांगेन. झाडांच्या बुंध्याशी आळ्यांत पडलेली पाने उचलूच नयेत, अशीही एक सूचना आहे. त्यांचे आच्छादन राहिले की एप्रिल-मेमध्ये पाणी कमी घालावे लागते, आणि पाणी टँकरने आणावे लागते त्या महिन्यांत ही बचत लहान नाही. चार कड्यांत न मावणारी पाने उरतीलच. पुण्यातच अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमात, ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती बागेसाठी हवी आहेत, त्यांची गाठ घालून दिली जाते. उरलेली पोती त्या वाटेने जावीत. कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, गाड्या अडवून सांगूनही पाहिले. निदान झाडाची पाने तरी आपण कुणाच्या गावाकडे पाठवू नयेत.

निर्णय सप्टेंबरातच व्हावा, असा आग्रह धरण्याचे कारण आहे. बदामाची पाने पौषात लाल होऊ लागतात, माघ-फाल्गुनात पिंपळ आणि वर्षावृक्ष रिकामे होतात, आणि करंजाची झड त्यांच्या मागोमाग येते. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला की हा सगळा हंगाम हातचा जातो.

जूनमध्ये वर आणलेल्या त्या चार पोत्यांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. बाल्कनीत जुन्या भाजीच्या क्रेटमध्ये गोणपाटावर ती पसरली, दर पंधरा दिवसांनी वरखाली केली आणि पावसाळ्याची दमट हवा त्यांना मानवली. गेल्या आठवड्यात तारेच्या चाळणीने चाळले, तेव्हा पाऊण पोते खत निघाले. ते काळे, हलके आणि भुसभुशीत आहे. त्यात बदामाच्या पानांच्या काही जाड शिरा अजून ओळखू येतात, त्या मी पुढच्या ढिगात टाकण्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. हे खत फार पौष्टिक असल्याचा माझा दावा नाही. नत्र त्यात थोडेच असते, गुलाब-टोमॅटोला वेगळे काही द्यावेच लागेल. पण तीन भाग मातीत एक भाग मिसळले तर कुंडीतली माती दगडासारखी घट्ट होत नाही आणि पाणी धरून ठेवते, हे मी माझ्या तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांत पाहिलेले आहे.

ते पोते सभेपर्यंत वॉचमनच्या खोलीबाहेर, जिन्याखाली ठेवलेले असेल. ज्यांनी जूनमध्ये आक्षेप घेतले त्यांनी आधी हात घालून आणि वास घेऊन पाहावे, ही विनंती. ज्यांना कुंडीसाठी हवे असेल त्यांनी आपापले घमेले घेऊन यावे.

आपली नम्र,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद